मागणी नसलेला नग

अण्णांच्या घरात साखरेच्या डब्यावर 'साखर' असं लिहिलेलं आहे, यात विशेष काही नाही. पुष्कळ घरांत असतं. पण त्याखाली 'वापर : चहा, दूध, पाहुणे' असं फक्त अण्णांच्या घरात लिहिलेलं आहे. मिठाच्या डब्यावर तसंच आहे, खिळ्यांच्या डब्यावर आहे, न्हाणीघरातल्या बादलीवरसुद्धा आहे. बादलीचा वापर लिहून ठेवल्याशिवाय कळणार नाही असा कोण शहाणा त्या घरात येणार होता, देव जाणे. माई, म्हणजे अण्णांची बायको, म्हणायच्या, "एक बिल्ला माझ्या कपाळावर चिकटवायचा राहिलाय, तेवढा चिकटवून टाका." अण्णांनी तेवढं मात्र कधी केलं नाही. माईंचा वापर एका ओळीत मावणारा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक असावं.

हे खूळ घरातलं नव्हे, कारखान्यातलं. अण्णा जन्मभर एका कारखान्याचे स्टोअरकीपर होते. स्टोअर म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम. छताला टेकलेले लोखंडी रॅक, रॅकमध्ये खण, खणांत बेअरिंग, बुश, पट्टे, नट, वायसर, आणि प्रत्येक खणावर बिल्ला. बिल्ल्यावर नाव, नंबर आणि वापर. जाळीच्या खिडकीशी अण्णांचं टेबल. कोणी काही मागायला आलं की अण्णा मान वर न करता एकच शब्द बोलत : "स्लिप?" मागणीची चिठ्ठी आणलीस का, असा त्याचा अर्थ. स्लिपवर वस्तूचं नाव लिहायचं, किती नग हवेत ते लिहायचं, सही करायची. अण्णा ती वाचत, वस्तू काढून देत आणि खाली 'दिला' असं लिहून आपली सही करत. एकदा खुद्द मॅनेजर हात हलवत आले. केबिनमधला दिवा गेला होता, त्यांना एक बल्ब हवा होता. अण्णा म्हणाले, "स्लिप?" मॅनेजर तणतणत परत गेले, थोडा वेळ अंधारात बसले आणि मग मुकाट्याने स्लिप घेऊन आले.

स्टोअरचे नियम अण्णांनीच केलेले होते. ज्याचं काम सांगता येत नाही, त्याला जागा नाही. वर्षभरात ज्याची मागणी आली नाही, तो नग भंगारात. आणि कोणाच्या हातून काही मोडलं तर त्याने सरळ येऊन सांगावं. अण्णा चकार शब्द बोलणार नाहीत. पण मोडून लपवलं, तर त्या माणसाला पुढे साधा वायसर मागतानाही घाम फुटे.

मग अण्णा निवृत्त झाले. सुरुवातीला स्टोअरमधून फोन यायचे : अण्णा, अमका पट्टा कुठे आहे, तमक्या पंपाचं सील कोणत्या खणात आहे. अण्णा डोळे मिटून रॅक आणि खण सांगायचे आणि त्या दिवशी एक पोळी जास्त जेवायचे. पुढे नव्या स्टोअरकीपरने सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि फोन थांबले. एके सकाळी कॅलेंडरचं पान उलटताना अण्णांच्या लक्षात आलं, की शेवटचा फोन येऊन वर्ष झालं. वर्षभरात मागणी नाही. पुढचं वाक्य त्यांनी मनातल्या मनातसुद्धा पुरं केलं नाही, पण त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी घर साफ करायचा सपाटा लावला. माळा झाला, कपाटं झाली, चपलांचं खोकं झालं. ज्या वस्तूचं काम सांगता येईना ती पिशवीत भरून भंगारात.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा यंत्रं बसवायला गावोगाव हिंडणारा, महिन्यातला निम्मा काळ बाहेर. सून ड्रॉइंग काढणारी. यंत्राच्या भागांचे नकाशे, मापांसकट. लग्नाआधी माहेरच्या गावी एका कचेरीत होती. लग्न होऊन इथे आली आणि ती नोकरी सुटली. तेव्हापासून घरबसल्या काम मिळावं म्हणून तिची धडपड चालली होती. ती आणि अण्णा एकमेकांशी फार बोलत नसत. "अण्णा, जेवायला चला." "अण्णा, गोळी घेतलीत?" इतकंच. पण अण्णांचा तिच्यावर आतून जीव होता. तिच्या टेबलावर पेन्सिली कडकपणाच्या क्रमाने लावलेल्या असत. असं माणूस आपल्या घरात आलं याचं अण्णांना फार अप्रूप होतं, आणि ते तिला सांगावं कसं हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

पुष्कळ ठिकाणी अर्ज करून झाले. शेवटी एका कंपनीचं बोलावणं आलं. गुरुवारी दुपारी तीन वाजता नेटवरून परीक्षा. तिकडचे लोक तिच्या पडद्यावर काय चाललंय ते बघणार आणि तिने त्यांच्यासमोर एक ड्रॉइंग काढून दाखवायचं. ड्रॉइंगचा तो प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवरच होता, म्हणजे फोनवरून भागणारं नव्हतं. जो ठरल्या वेळी येणार नाही त्याची जागा पुढच्याला, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

बुधवारी जेवताना सून माईंना म्हणाली, "कॉम्प्युटर जरा हळू चालतोय. उद्या दगा नाही दिला म्हणजे मिळवली."

ती हे माईंना म्हणाली, पण ऐकलं अण्णांनी. आणि अण्णांच्या मनाने घेतलं, की ही मागणी आहे. स्लिप नव्हती. जन्मात पहिल्यांदा अण्णांनी स्लिपवाचून काम हातात घेतलं, आणि त्याचं काय झालं ते आता पाहा.

गुरुवारी सकाळी सून बाहेर गेली तसे अण्णा तिच्या खोलीत शिरले. कॉम्प्युटर त्यांना अगदीच परका नव्हता. मुलाने त्यांना एकदा डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला होता. "या खोक्यात काय काय बसवलंय त्याची यादी आहे ही, अण्णा." ती यादी बघून अण्णांना घरी आल्यासारखं वाटलं होतं. खण होते, खणांना नावं होती, खण उघडला की आत नग. अण्णा एकेक खण बघत खाली आले. कीबोर्ड : एक. ठीक. माउस : एक. ठीक. मग त्यांनी 'नेटवर्क अडॅप्टर' नावाचा खण उघडला आणि ते खुर्चीत सावरून बसले.

आत नुसती खोगीरभरती. 'वॅन मिनिपोर्ट', खाली पुन्हा 'वॅन मिनिपोर्ट', त्याच्याखाली पुन्हा तेच. ओळीने सगळे एकाच नावाचे. पुढे कंसात काहीबाही अक्षरं वेगळी होती, पण नाव एक म्हणजे नग एक, हे अण्णांना शिकवायची गरज नव्हती. एका खणात एकाच वस्तूचा एवढा साठा? कॉम्प्युटर हळू चालेल नाही तर काय उड्या मारेल? आणि त्या सगळ्यांत एक उपरा होता. लांबलचक नाव, निम्मे आकडे, निम्मी अक्षरं, आणि वापराचा पत्ता नाही. अण्णांनी एक वॅन मिनिपोर्ट ठेवला. एका घराला एक पुरे. बाकीचे काढायला घेतले, आणि त्या उपऱ्यापासूनच सुरुवात केली.

कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचं ना? अण्णांना हे आवडलं. विचारून काम करणारा शिपाई. खाली एक रिकामा चौकोन होता : याचं सॉफ्टवेअरही पुसून टाकायचं का? अण्णांनी त्यात टिक केली. नग भंगारात जातो तेव्हा बिल्लाही जातो. काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी कॉम्प्युटर रीतसर बंद केला, टेबलावरची धूळ पुसली आणि बाहेर येऊन आपण होऊन माईंकडे चहा मागितला. माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतके खूश ते बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

जेवणं आटोपल्यावर सून कॉम्प्युटर तपासायला बसली, आणि नेट नाही. तिने हॉलमधला राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोनवर नेट धो धो चाललेलं, कॉम्प्युटरवर नावाला नाही. बिघाड शोधायचं बटण दाबलं तर उत्तर आलं, की नेटवर्क अडॅप्टर सापडत नाही.

हे तिने मोठ्याने वाचलं आणि हॉलमध्ये अण्णांनी मान वर केली. अडॅप्टर हा शब्द त्यांनी सकाळीच वाचला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले, आणि बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्या तरी यंत्राच्या पोटात शिरलेला असावा, उचलेना. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला लावला. तो म्हणाला, "सापडत नाही म्हणजे कार्ड गेलं, ताई. नेटचं कार्ड असतं ना आत, ते. नवीन टाकावं लागेल. संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी उपयोग नाही हो. तीनला परीक्षा आहे माझी."

"मी गावाबाहेर आहे, ताई. पाचच्या आत काही जमत नाही."

थेट वायर लावावी तर कॉम्प्युटरची वायरची खोबण मागेच निकामी झालेली. तिच्या जुन्या झालेल्या फोनवरून कॉम्प्युटरला नेट पुरवावं तर ते मध्येच तुटायचं. तो अनुभव तिने आधी घेतला होता. मग तिने फोन हातात घेतला आणि कंपनीला निरोप लिहायला लागली. लिहिताना ती पुटपुटत होती, "काही अडचणीमुळे आज मला..." आवाज तिचा नेहमीसारखाच होता, पण मध्येच तिने नाक पुसलं. अण्णांनी ते ऐकलं.

माई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि अण्णांसमोर उभ्या राहिल्या. सकाळी अण्णा कोणत्या खोलीतून बाहेर आले ते त्यांनी पाहिलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "स्टोअरमध्ये कोणी वस्तू मोडून लपवली, तर तुम्ही काय करत होतात हो?"

स्टोअरमध्ये त्यांच्या हातून कधी काही मोडलंच नव्हतं. दुसऱ्याला सरळ येऊन सांगायला लावणं किती सोपं होतं, आणि या खुर्चीपासून त्या दारापर्यंत जाणं किती कठीण आहे, ते त्यांना आज कळत होतं. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मग उठले.

"सूनबाई, तो निरोप पाठवू नकोस. कार्ड गेलेलं नाही. मी काढलंय."

सुनेने खोक्याकडे पाहिलं. "काढलंत? मग कुठे ठेवलंय?"

"ठेवलं नाही. टाकलं."

ती उठून कचऱ्याच्या डब्याकडे निघालीच.

"तिकडे नव्हे, तिकडे नव्हे. यादीतून टाकलं. सकाळी. एकाच नावाचे ढीगभर नग होते गं. मला वाटलं..." अण्णांनी नजर खाली वळवली. "मला वाटलं, तुझा कॉम्प्युटर हलका होईल."

ती रागावली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं. पण ती न रागावता कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने डिव्हाइस मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरने मधल्या काळात सगळे मिनिपोर्ट आपापल्या जागी परत आणून ठेवले होते, अण्णांना न विचारता. फक्त तो लांब नावाचा उपरा नव्हता. त्याच्याऐवजी खाली एका वेगळ्या खणात 'नेटवर्क कंट्रोलर' असं मोघम नाव होतं आणि त्यावर पिवळी खूण.

"अण्णा, काढताना चौकोनात टिक केली होतीत?"

"केली. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही."

सुनेला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं तरी फुटलं. "मग कार्ड ठणठणीत आहे. ते कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला समजावणारा ड्रायव्हर तेवढा गेलाय. वस्तू खणात आहे आणि बिल्ला फाटलाय, असं समजा."

अण्णांना हे लगेच समजलं, आणि त्यामुळेच ते जास्त घाबरले. बिल्ला फाटलेल्या वस्तूपायी स्टोअरमध्ये काय गोंधळ व्हायचा ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. "मग नवीन बिल्ला कुठे मिळतो?"

"नेटवर मिळतो."

"आणि नेट?"

"तो बिल्ला लावला की येतं."

म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली घरात. पण सून आता थांबणारी नव्हती. फोनवर नेट होतं. फोनवर ड्रायव्हर उतरवायचा आणि वायरने कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. फक्त कार्डाचा नेमका नंबर हवा, आणि तो कार्डावरच लिहिलेला असणार. तिने तसं म्हणेपर्यंत अण्णा पेचकस आणि टॉर्च घेऊन हजर. त्यांनी खोक्याची एक बाजू उघडली, स्क्रू वाटीत ठेवले (वाटीला बिल्ला लावायला वेळ नव्हता, हे त्यांच्या जिवावर आलं), आणि नाक आत घालून कार्डावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. एकेक अक्षर, एकेक आकडा. सुनेने तो नंबर परत वाचून दाखवला. अण्णांनी पुन्हा ताडून पाहिला. फोनवर ड्रायव्हर सापडला, उतरला. सुनेने वायर जोडली. कॉम्प्युटरला फोन दिसेचना.

"ही वायर नुसती चार्जिंगची आहे," ती म्हणाली. "फोनबरोबर आलेली ती पांढरी वायर कुठे गेली? हिने माल पलीकडे जात नाही, तिने जायचा."

पांढरी वायर अण्णांना चांगली आठवत होती. चार्जिंगला एक वायर असताना दुसरीचं काम काय, ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

माई आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगाखालून एक फुगलेली कापडी पिशवी ओढत घेऊन आल्या. आत काय नव्हतं? बिनकुलपाच्या किल्ल्या, बिनकिल्लीचं कुलूप, चष्म्याची काडी, कुकरची शिट्टी, मुलाला लहानपणी शर्यतीत मिळालेली फीत, आणि तळाशी गुंडाळून रबर लावलेली पांढरी वायर.

"हे सगळं मी टाकलं होतं," अण्णा म्हणाले.

"टाकलंत ना. तुम्ही टाकता, मी मागून उचलते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. नाहीतर या घरात चार भिंती आणि बिल्ले एवढंच उरलं असतं. घे गं वायर."

वायर चालली. ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये गेला. सुनेने तो बसवायला घेतला, हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला आली, आणि कॉम्प्युटर म्हणाला, हा ड्रायव्हर या उपकरणासाठी नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी बघितलंच.

"नंबर तर बरोबर आहे, अण्णा. दोघांनी वाचला आपण."

अण्णा टॉर्च घेऊन पुन्हा खोक्यात वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग आतूनच म्हणाले, "खाली बारीक अक्षरांत 'आवृत्ती दोन' असं आहे. ते मी तुला वाचून दाखवलं नाही. मला वाटलं, ते बिनकामाचं आहे." ते सावकाश बाहेर आले. "असं बेअरिंगचं व्हायचं. बनावट बदलायची आणि नंबर तोच ठेवायचे. मी वेगळ्या खणात ठेवायचो. आज कसं विसरलो कोण जाणे."

सुनेने फोनवरचं पान वर सरकवलं. वर दोन पर्याय होतेच, आवृत्ती एक आणि आवृत्ती दोन. घाईत तिने समोर दिसली ती पहिली उचलली होती. "माझंही चुकलंच की," ती म्हणाली आणि दुसरी उतरवायला घेतली. ती उतरेपर्यंत तिघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत उभी राहिली.

या खेपेला पट्टी शेवटाला गेली आणि कॉम्प्युटर गप्प राहिला. पिवळी खूण गेली. तो लांबलचक नावाचा उपरा आपल्या खणात परत येऊन बसला, आणि कोपऱ्यात आसपासच्या साऱ्या घरांच्या वायफायची नावं उमटली. त्यांत एक नाव होतं 'घरचं नेट - वापर घरच्यांसाठी'. ते कोणी ठेवलं होतं हे सांगायला नको. सुनेने ते निवडलं, आणि माईंचा जीव भांड्यात पडला. अण्णांचा अजून पडायचा होता.

सुनेने केस सारखे केले, दार लोटलं. आतून तिचा आवाज आला, "हो, ऐकू येतंय. हो, माझा पडदा दिसतोय का?" अण्णांनी दाराबाहेर खुर्ची टाकली आणि जाळीच्या खिडकीशी बसायचे तसे बसले. दाराची घंटा त्यांनी आधीच बंद केली होती. मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, जोरात शिंकायचं नाही, असं माईंना बजावून झालं होतं. माई त्यांच्याशेजारी जमिनीवर भाजी निवडत बसल्या.

बऱ्याच वेळाने अण्णा कुजबुजले, "तिचं काम गेलं असतं आज. माझ्यापायी."

"गेलं नाही ना."

"मला वाटलं होतं, कोणाच्या तरी उपयोगी पडावं." ते थांबले. "वर्ष होऊन गेलं, माई. माझी एकही स्लिप आली नाही. माझ्याच नियमाने मी आता..."

माईंनी हातातली भाजी ताटात ठेवली. अण्णांचे डोळे भरलेले त्यांनी फार क्वचित पाहिले होते. "तो नियम तुमच्या स्टोअरात ठेवून या," त्या म्हणाल्या. "भंगारातलं उचलायला या घरात मी बसलेय, एवढं लक्षात असू द्या." आणि त्यांनी ओला हात तसाच अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला.

परीक्षा संपली. उद्या कळवतो म्हणाले. संध्याकाळी मुलाचा फोन आला : एवढ्या वेळा फोन का केला होतास, काय झालं होतं? सून म्हणाली, "काही नाही रे, नेटचा ड्रायव्हर गेला होता. अण्णांनी कार्डावरचा नंबर वाचून दिला, म्हणून वेळेत झालं." अण्णा स्वयंपाकघरात पाणी पीत होते. ते तिथेच, हातातला पेला न ठेवता, उभे राहिले. कसा गेला, कोणी घालवला, यातलं अवाक्षरही तिने काढलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. काम मिळालं.

अण्णांनी त्या दिवसापासून त्या खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं नाही. साफसफाई बंद झाली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी वर्तमानपत्र. माई म्हणाल्या, "डबे तरी पुसा." अण्णांनी पुसले, पण मन लावून नव्हे. माईंना ते बघवेना. एका दुपारी अण्णा झोपलेले असताना त्या सुनेजवळ जाऊन बसल्या आणि परीक्षेच्या वेळी दाराबाहेर अण्णा काय म्हणाले ते सगळं त्यांनी तिला सांगितलं.

कंपनीचं काम म्हणजे जुन्या यंत्रांची हाताने काढलेली ड्रॉइंगं बघून ती कॉम्प्युटरवर नव्याने काढायची. कागद पिवळे पडलेले, आकडे पुसटलेले. कित्येक भाग असे, की हे नक्की कशाला लागतं हे आजकाल कोणी सांगू शकत नाही. पहिले काही दिवस सून एकटीच डोळे ताणून बघत बसायची.

मग एका सकाळी ती हॉलमध्ये आली. अण्णा वर्तमानपत्रात.

"अण्णा, मागणी आहे."

अण्णांच्या तोंडून मान वर न करता जुन्या सवयीने शब्द निघून गेला, "स्लिप?"

निघून गेल्यावर त्यांनी चपापून वर पाहिलं. सुनेने हात पुढे केला होता. हातात ड्रॉइंगच्या कागदाचा सरळ कापलेला तुकडा होता, कडक पेन्सिलीने आखलेला. त्यावर लिहिलं होतं : 'नग : एक. नाव : अण्णा. वापर : बघून सांगणे. निकड : रोज.' खाली तिची सही होती, आणि शेजारी माईंची.

अण्णांनी स्लिप वाचली. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खिशातलं पेन काढलं, स्लिप खुर्चीच्या हातावर टेकवली, खाली 'दिला' असं लिहून सही केली आणि सुनेमागोमाग खोलीत गेले.